पहिली इलेक्ट्रिक गिटार: यादीत छापलेलं आणि न छापलेलं

घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीनं इलेक्ट्रिक गिटारचा हट्ट धरला, की आईबाप वेबसाइट उघडतात आणि पहिल्याच गिटारखाली हे वाचतात: ‘एचएसएस, ६४८ मिमी स्केल, पॉप्लर बॉडी, मेपल नेक, सी प्रोफाइल, २२ फ्रेट, सहा स्क्रूंचा ट्रेमोलो.’ पुढच्या गिटारला २४ फ्रेट आणि दोन हंबकर. तिसरी मॅहोगनीची, म्हणून महाग. यातलं कशासाठी जास्त पैसे मोजायचे, काही कळायला मार्ग नसतो. मग एकतर सगळ्यात स्वस्त खोकं मागवलं जातं, नाहीतर ओळखीतल्या एखाद्या वाजवणाऱ्याला फोन जातो आणि तो स्वतःला जी हवी होती ती गिटार सुचवतो.

ही यादी वाचायला शिकणं फारसं अवघड नाही, ते खाली करूच. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नवशिक्याचं वाजवणं सुखाचं होणार की छळाचं, हे ज्या गोष्टींवर ठरतं त्यातल्या बहुतेक या यादीत छापलेल्याच नसतात. त्या हातात घेऊन बघाव्या लागतात, आणि बहुतेक गिटारांमध्ये थोड्या खर्चात दुरुस्त करता येतात.

आवाज येतो कुठून?

ॲकॉस्टिक गिटारमध्ये तार हलते, ती पोकळ लाकडी पेटीला हलवते आणि पेटी हवेला. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी बहुधा भरीव असते. ॲम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) न जोडता वाजवली तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू येत नाही. तिचं खरं काम आवाज करण्याचं नसून वीज तयार करण्याचं आहे.

तारांखाली ज्या एक, दोन किंवा तीन पट्ट्या दिसतात ते पिकअप. आत चुंबक, आणि चुंबकाभोवती साधारण ०.०६ मिलीमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र डळमळतं आणि वेढ्यांमध्ये क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच. ही वीज केबलमधून ॲम्पमध्ये जाते, तिथे वाढवली जाते आणि स्पीकरला हलवते. म्हणून इलेक्ट्रिक गिटारवर नायलॉनच्या तारा चालत नाहीत. चुंबकाला नायलॉनचं सोयरसुतक नाही.

एवढं समजलं की यादीतला निम्मा गोंधळ संपतो. पिकअप थरथरती तार टिपतो, पेटीचा आवाज टिपत नाही. १९३२ पासून विकली गेलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे बाजारात आलेल्या अगदी पहिल्या इलेक्ट्रिक गिटारांपैकी एक, ओतीव ॲल्युमिनियमची होती. लाकडानं आवाजात किती फरक पडतो यावर जाणकार हिरिरीनं भांडतात, आणि त्यांना भांडू द्यावं. पहिल्या गिटारसाठी पॉप्लर, बासवुड, अल्डर, काहीही चालेल. लाकडाचा लगेच जाणवणारा फरक वजनात असतो. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या, म्हणजे स्ट्रॅटच्या, घाटाची गिटार सव्वातीन ते पावणेचार किलोच्या आसपास भरते, गिब्सनच्या लेस पॉलच्या घाटाची चार किलोंच्या पुढे सहज जाते. किरकोळ अंगाच्या मुलीच्या डाव्या खांद्याला हा फरक अर्ध्या तासात कळतो.

एचएसएस म्हणजे काय रे भाऊ

पिकअपचे मुख्य प्रकार दोन. वेढ्यांचं एकच गुंडाळं असेल तर सिंगल कॉइल. त्याचा आवाज खणखणीत, स्वच्छ, थोडा टोकदार. त्याची खोड अशी की घरातल्या वायरिंगची, ट्यूबलाइटची गुणगुणही तो टिपतो आणि ॲम्पमधून एक ‘घूं’ सतत मागे चालू राहते. दोन गुंडाळी उलट दिशेनं वेढून आणि चुंबक उलटे ठेवून शेजारी बसवली, तर गुणगुण एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज मात्र दुणावतो. हा हंबकर. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या अभियंत्यानं १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याचा आवाज जाड, भरदार. विरूपित आवाजाला, म्हणजे रॉक-मेटलमधल्या त्या गुरगुराटाला, तो जास्त सोसतो.

एचएसएस याचा अर्थ ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे) एक हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल. मुलीला नक्की काय वाजवायचंय हे अजून तिलाही माहीत नसेल, तर हीच रचना घ्यावी, कारण दोन्ही स्वभाव एकाच गिटारमध्ये मिळतात. ती दिवसरात्र मेटलच ऐकत असेल तर दोन हंबकरची घ्या. फंक, ब्लूज, इंडी असलं काही आवडत असेल तर तीन सिंगल कॉइलही छान. यात चूक असं काही नाही. फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारच्या लांब दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या. त्या २२ की २४, हा प्रश्न तर पहिल्या वर्षी वाऱ्यावर सोडला तरी चालतो. तिथपर्यंत बोटं जातातच कशाला?

स्केल, तारा आणि बोटांचं दुखणं

स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग वाजतो त्याची लांबी. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टरची ६४८ मिलीमीटर. गिब्सनच्या लेस पॉल घराण्याची सुमारे ६२८. मस्टँगसारख्या लहान गिटारची ६१०. तार तीच, सूर तोच, पण लांबी कमी असेल तर ताण कमी पुरतो. ६४८ ऐवजी ६१० घेतली तर ताण साधारण ११ टक्क्यांनी उतरतो आणि पहिल्या फ्रेटचं अंतर दोनेक मिलीमीटरनं कमी होतं. वाचताना क्षुल्लक वाटतं. चार बोटं चार फ्रेटवर पसरताना लहान हाताला ते क्षुल्लक राहत नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या बहुतेक मुलांना पूर्ण मापाची गिटार झेपते. हात लहान असतील तर ६१० ची घ्या. ‘तीन-चतुर्थांश’ म्हणून मिळणाऱ्या खेळण्याएवढ्या गिटारवर मात्र किशोरवयीन मुलासाठी पैसे घालू नयेत. ती दोन वर्षांत अपुरी पडते, आणि आखूड स्केलमुळे तारा सैल राहतात, सूर धरत नाहीत.

तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात. ‘नऊचा सेट’ म्हणजे सगळ्यात पातळ तार ०.००९ इंचाची, म्हणजे ०.२३ मिलीमीटर. पूर्ण मापाच्या गिटारवर या तारेला सुमारे ६ किलोचा ताण असतो. दहाच्या सेटमध्ये तो सातच्या थोडा वर जातो. ॲकॉस्टिकवर नेहमी लावतात त्या बाराच्या सेटमध्ये साडेदहाच्या आसपास. पहिल्या गिटारला नऊचा सेट लावून घ्या. ‘जाड तारांवर शिकलं की बोटं तयार होतात’ असं सांगणारे काका प्रत्येक ओळखीत एक तरी असतात. बोटं पातळ तारांवरही तयार होतात, फक्त मधल्या काळात मूल गिटार सोडून देत नाही.

ब्रिज: इथे मात्र अडून बसा

तारा बॉडीवर जिथे टेकतात तो ब्रिज. काही ब्रिज अचल असतात. काहींना दांडी असते. ती दाबली-उचलली की सूर लवचिकपणे खाली-वर होतो. साधा, सहा स्क्रूंवर बसवलेला ट्रेमोलो असेल तर हरकत नाही. मागच्या झाकणाखालच्या स्प्रिंगा घट्ट केल्या की तो बॉडीला टेकून स्थिर बसतो आणि नसल्यासारखा वागतो.

पण मेटलवेड्या मुलांचा डोळा असतो तो फ्लॉइड रोज या प्रकारच्या तरंगत्या ब्रिजवर. त्यात एका बाजूनं तारा ओढतात, दुसऱ्या बाजूनं स्प्रिंगा, आणि ब्रिज त्या दोन ओढींच्या मधोमध अधांतरी असतो. एक तार लावायला घेतली की तोल ढळतो आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या लावल्या की पहिली पुन्हा बिघडते. असं गोल गोल फिरत राहावं लागतं. वाजवताना एक तार तुटली तर सगळी गिटारच बेसूर होते. तार बदलायला षटकोनी पान्हे लागतात, कारण ती दोन्ही टोकांना कुलूपबंद असते. महागड्या गिटारवर, जाणत्या हातात, हे यंत्र अप्रतिम आहे. स्वस्त गिटारवरच्या त्याच्या नकलांचा धातू मऊ असतो, कडा लवकर झिजतात आणि मग ती कधीच सुरात राहत नाही. नवशिकीच्या पहिल्या महिन्यातला सराव जर तारा लावण्यातच गेला, तर वाजवायचं कधी? दोन वर्षांनी तिला हवा असेल तर तेव्हा घेईल.

जे यादीत छापत नाहीत

खोक्यातून सुटी आलेली सायकल कशीबशी जोडून कुणी मुलाच्या हाती देत नाही. सीटची उंची, ब्रेकची पकड, चाकातली हवा बघून मग देतात. गिटार मात्र खोक्यातून काढून थेट हातात दिली जाते, आणि ती वाजवायला जड गेली की दोष मुलाच्या चिकाटीला.

कारखान्यातून निघालेली गिटार जहाजातून, गोदामांमधून, कोरड्या आणि दमट हवेतून प्रवास करत येते. वाटेत लाकूड फुगतं, आक्रसतं. सहा तारा मिळून नेकला साधारण ३८ किलोंच्या ताणानं ओढत असतात. त्यामुळे निघताना बरी असलेली गिटार पोचताना तशीच असेल याची हमी नाही. शिवाय स्वस्त गिटारवर शेवटच्या हाताला वेळ कमी दिलेला असतो. यंत्रानं कापलेले भाग आजकाल उत्तम बसतात, पण घासून, मापून, वाजवून बघण्याचं काम माणसाचं, आणि खर्च वाचवला जातो तो तिथेच.

पहिल्यांदा नट बघा. नेकच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, सहा खाचा असलेली छोटी पट्टी म्हणजे नट. एकेक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटपाशी डोळा न्या. तार आणि फ्रेट यांच्यात उजेडाची जेमतेम रेघ दिसावी. तिथे दुसऱ्या हाताच्या बोटानं तारेला टिचकी मारली तर बारीकसा ‘टिक’ यावा. रेघेऐवजी ठळक फट दिसली, तर खाच पुरेशी खोल कापलेली नाही. आता याचा परिणाम बघा. नवशिकी पहिले कित्येक महिने राहते ती पहिल्या तीन फ्रेटवर. नेमकी तिथेच तार दाबायला जास्त जोर लागतो. आणि तेवढ्यावर भागत नाही. तार जास्त खाली ढकलावी लागली की ती ताणली जाते, ताणली की सूर चढतो. मोकळ्या सहाही तारा ट्यूनरवर अचूक लागलेल्या असतात, पण ई मेजर कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) धरली की पहिल्या फ्रेटवर दाबलेली ‘जी’ (G) सुराची तार चढी बोलते आणि सगळी कॉर्ड कडवट लागते. मुलगी पुन्हा ट्यून करते, पुन्हा तेच. तिचा कान चांगला असेल तर ती जास्त वैतागते! तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. खाचा खोल करण्याचं काम खास कानशींनी करायचं असतं. जाणकाराला सोपं, घरी करायला जाल तर नट बदलण्याची पाळी येईल.

मग तारांची उंची, जिला वाजवणारे ॲक्शन म्हणतात. छोटी स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजा. पातळ तारेकडे १.६ मिलीमीटर, जाड तारेकडे २ च्या आसपास असेल तर उत्तम. अडीच-तीन असेल तर ब्रिजवरचे बारीक स्क्रू फिरवून खाली आणता येते. त्याला पाच मिनिटं पुरतात. फार खाली नेली तर तारा फ्रेटवर खरखरतात.

खरखर ऐकू आली तर ती कुठे आहे ते नीट ऐका. सगळ्या तारा, सगळे फ्रेट, एकेक करत वाजवायचे. कंटाळवाणं काम आहे, पण दुकानात करायचं काम हेच. खरखर बऱ्याच ठिकाणी पसरलेली असेल तर ती जुळवणीची गोष्ट आहे, निघून जाते. एकाच ठिकाणी सूर मरत असेल, किंवा सलग दोन फ्रेटवर तोच सूर येत असेल, तर पुढचा फ्रेट उंच बसलाय. ती गिटार परत ठेवा, त्याच मॉडेलची दुसरी मागा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत एवढा फरक निघतो की दोन वेगवेगळ्या कंपन्यांत निघणार नाही.

नेक अगदी सरळ नसतो, किंचित खोलगट असावा लागतो. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली, तर सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाव मिलीमीटरची फट दिसते तेवढा. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची स्टीलची सळई असते. तिच्या टोकाचा पेच फिरवून हा खोलगटपणा कमी-जास्त करतात. विकत घेताना बघायचं ते इतकंच की ती फिरते आहे. सेकंडहँड गिटारमध्ये कधी कधी ती अडकलेली असते, आणि अशा गिटारला कितीही सवलत मिळाली तरी घेऊ नये.

नेकच्या कडेवरून तळहात वर-खाली फिरवा. टोचतं का? कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, धातू आक्रसत नाही, म्हणून फ्रेटची टोकं बाहेर येतात. घासून गोल करता येतात. शेवटी ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवा, आणि मग तिथेच तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा. दोन्ही सूर एक यायला हवेत. दाबलेला चढा येत असेल तर ब्रिजवरचा त्या तारेचा आधार, म्हणजे सॅडल, थोडा मागे सरकवायचा असतो. याला इंटोनेशन म्हणतात. ते बिघडलंय म्हणून गिटार नाकारायचं कारण नाही.

हे सगळं एकत्र करून घेण्याला सेटअप म्हणतात. नव्या गिटारला सेटअप कशाला, असं दुकानदारही म्हणेल. त्याचं ऐकू नका. माझ्या मते सेटअप केलेली साधी गिटार आणि न केलेली दुप्पट किमतीची गिटार शेजारी ठेवली, तर नवशिक्यानं डोळे मिटून साधी उचलावी. ऑनलाइन घ्यायची असेल तर यातलं काहीच आधी बघता येत नाही. म्हणून परत करण्याची मुदत वाचून ठेवा आणि सेटअपचे पैसे पहिल्यापासून हिशेबात धरा.

ॲम्प: अर्धा आवाज तिथे आहे

लोक सगळे पैसे गिटारवर संपवतात आणि उरलेल्यात मिळेल तो ॲम्प घेतात. वर बघितलं तसं गिटार फक्त क्षीण वीज देते. त्या विजेला रूप देतो तो ॲम्प. चांगल्या गिटारला भिकार ॲम्प जोडला तर आवाज भिकारच येणार.

घरच्या सरावाला १० ते २० वॅट पुष्कळ. वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट असं नसतं. कानाला दुप्पट मोठा वाटायला शक्ती साधारण दसपट लागते, त्यामुळे २० वॅटचा ॲम्प १० वॅटच्या जरासाच पुढे असतो. किशोरवयीन मुलासाठी मॉडेलिंग ॲम्प घ्यावा. आतल्या संगणकीय चिपमधून तो वेगवेगळ्या नामवंत ॲम्पचे आवाज आणि इफेक्ट नकलतो. व्हॉल्व्हच्या (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचं गुणगान बरंच ऐकाल. ते खरंही आहे, पण त्याची मजा आवाज वाढवल्यावर येते आणि तुमच्या भिंती पातळ असतात.

दुकानात ऐकताना विक्रेता बहुधा गुरगुरता, प्रतिध्वनी घातलेला आवाज लावून देतो. त्यात सगळे दोष झाकले जातात. ‘क्लीन’ लावायला सांगा. त्यात ॲम्प पत्र्यासारखा वाजत असेल तर पुढे जा. हेडफोनचं भोक आहे की नाही तेही बघा. घरात संगणक असेल तर ॲम्पऐवजी ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारी पेटी) हाही चालतो, त्याला गिटारसाठी ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ इनपुट हवा. घरच्या म्युझिक सिस्टिममध्ये गिटार थेट खुपसू नका. ती त्या प्रकारच्या सिग्नलसाठी बनलेलीच नसते आणि आवाज मेल्यासारखा येतो.

स्वस्त म्हणजे भंगार नाही का?

कधीकाळी होतं. जुन्या स्वस्त गिटारांचे नेक वाकडे, खुंट्या घसरणाऱ्या. आता बॉडी आणि नेक संगणकानं चालवलेली यंत्रं कापतात आणि त्यांना किमतीशी देणंघेणं नसतं. मोठ्या कंपन्यांनी स्वस्त गिटारसाठी वेगळी नावं ठेवली आहेत. फेंडर १९८२ पासून स्क्वायर या नावानं विकते. एपिफोन गिब्सननं १९५७ मध्ये विकत घेतली. कोर्ट ही कंपनी स्वतःच्या गिटार विकतेच, शिवाय इंडोनेशियातल्या तिच्या कारखान्यात पीआरएस कंपनीच्या एसई मालिकेसारख्या दुसऱ्यांच्या गिटारही बनतात. म्हणून नावाच्या मागे फार धावण्यात अर्थ नाही.

तरी नावं हवीच असतील तर यामाहाची पॅसिफिका मी सगळ्यात आधी सांगेन. ही मालिका १९९० पासून चालू आहे, तिच्यातल्या सुरुवातीच्या मॉडेलना एचएसएस रचना आहे आणि सगळे नग बऱ्यापैकी एकसारखे निघतात. स्क्वायरच्या स्ट्रॅट आणि टेली, लहान हातांसाठी त्यांचीच मस्टँग, मेटलकडे ओढा असेल तर आयबानेझची जिओ मालिका किंवा जॅक्सनची जेएस (अचल ब्रिजवाली बघून), यातली कुठलीही चालेल. अगदीच निनावी गिटार टाळण्याचं कारण आवाज नव्हे. ती पुढे विकली जात नाही.

आणि घाट, रंग? ते मुलीला ठरवू द्या. हे लाड नाहीत. भिंतीवर टांगलेली गिटार बघून ती उचलावीशी वाटणं, हे सरावाच्या वेळापत्रकापेक्षा जास्त काम करतं. एकच अट घाला: बसून वाजवून बघायची. व्ही आकाराच्या गिटार मांडीवरून घसरतात आणि काहींचं डोकं जड असल्यानं नेक सारखा खाली झुकतो.

आधी ॲकॉस्टिकवर शिकू दे की

हा सल्ला इतका पसरलाय की त्याला कुणी कारण विचारत नाही. कारण बहुधा असं देतात की ॲकॉस्टिक अवघड, म्हणून पाया पक्का होतो. अवघड आहे हे खरं. तारा जाड, उंची जास्त, बॉडी फुगीर. पण बोटांचं दुखणं सोसणं म्हणजे पाया नव्हे. कॉर्ड बदलणं, ताल धरणं, नकोशा तारा दाबून गप्प ठेवणं हे दोन्हींवर शिकावंच लागतं. उलट ॲम्पवर नकोशी तार लगेच बोंबलते, त्यामुळे स्वच्छ वाजवण्याची शिस्त इलेक्ट्रिकवर लवकर लागते. मुलीला गाण्याबरोबर कॉर्ड वाजवायच्या असतील, ॲम्पचं लचांड नको असेल, तर ॲकॉस्टिक घ्या. तिला डिस्टॉर्शन, म्हणजे तो गुरगुराट, ऐकून वेड लागलं असेल आणि तुम्ही ॲकॉस्टिक हातात दिलीत, तर तुम्ही तिला हवी ती गोष्ट दिलेलीच नाही.

आणि गोंगाटाचं म्हणाल, तर हेडफोन लावलेली इलेक्ट्रिक गिटार ही ॲकॉस्टिकपेक्षा कितीतरी शांत. फक्त हेडफोनचा आवाज तिच्या कानात किती आहे ते अधूनमधून स्वतः लावून बघा, कारण तो बाहेर ऐकू येत नाही.

सोडून दिली तर?

देईलही. बरीच मुलं सोडतात. म्हणून तर नाव असलेली गिटार घ्यायची, आणि जमल्यास सेकंडहँड. नवी गिटार दुकानातून बाहेर पडली की लगेच बरीच किंमत गमावते, वापरलेली त्यानंतर फारशी गमावत नाही. वर्षभरानं जवळपास त्याच किमतीला जाते.

सेकंडहँड बघताना वरच्या सगळ्या तपासण्या कराच, शिवाय ॲम्पला जोडून व्हॉल्यूम आणि टोनच्या चकत्या फिरवा. खरखर आली तर क्लीनरच्या फवाऱ्यानं बहुधा जाते. केबलचं टोक जागच्या जागी हलवा. आवाज तुटत असेल तर सॉकेट सैल आहे किंवा आतला सोल्डर सुटलाय, किरकोळ काम. पातळ तारांखाली पहिल्या काही फ्रेटवर खोल चरे पडले असतील तर फ्रेट घासून सारखे करण्याचा, कधी नवे बसवण्याचा खर्च येतो, तो किमतीतून वजा करून मागा. आणि नेक जिथे खुंट्यांच्या पाटीला मिळतो त्या मागच्या बाजूला बोट फिरवा. डोकं मागे कललेल्या लेस पॉलच्या घाटाच्या गिटार पडल्या की तिथेच मोडतात. चिकटवलेल्या जोडाची रेघ रंगाखाली लपते, बोटाला लागते.

डावखुरी असेल तर डावखुरी गिटारच घ्यायची का, हे तिला हवेत गिटार वाजवायला सांगून बघा. कुठला हात छेडायला जातो? काही डावखुरी मुलं उजवी गिटार सहज धरतात आणि मग त्यांना निवडीला पुष्कळ वाव मिळतो. तिला उलटंच बरं वाटत असेल तर डावी घ्या, जबरदस्ती नको.

पैसे कसे वाटायचे

एकूण रक्कम कितीही असो, निम्म्याच्या जरा वर गिटारला, साधारण तिसरा हिस्सा ॲम्पला, उरलेल्यात सेटअप आणि किडुकमिडुक. किडुकमिडुक म्हणजे तीन मीटरची बरी केबल, पट्टा, मध्यम जाडीच्या ०.७ मिलीमीटरच्या आसपासच्या तारा छेडायच्या चार-सहा पिक (हरवतात), तारांचा एक जादा सेट आणि डोक्याला चिमटा लावून बसणारा ट्यूनर. फोनवरचं ट्यूनरचं ॲपही चालतं, पण फोन हातात आला की सराव कुठे जातो ते तुम्हाला ठाऊक आहे.

गिटार, ॲम्प, केबल एकाच खोक्यात मिळणारे ‘स्टार्टर पॅक’ सोयीचे असतात. त्यातली गिटार पुष्कळदा सुटी विकली जाते तीच असते. कस कमी असतो तो ॲम्पचा, आणि सोबतची केबल फार टिकत नाही. पॅक आणि सुटी गिटार यांच्या किमतीतला फरक बघा. त्या फरकात याहून बरा मॉडेलिंग ॲम्प येत असेल, तर पॅक घेऊ नका. पेडल (पायानं चालू-बंद करायच्या इफेक्टच्या पेट्या) पहिल्या वर्षी नकोतच, ॲम्पमध्ये आहेत तेवढे इफेक्ट तिला पुरून उरतील.